अमेरिकेतील पिस्तूल परवाना : राज्य कोणते, हे आधी विचारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर स्वतःचे एक छायाचित्र टाकले. तो टेक्सासमध्ये एमएस करतो आहे. कानांवर संरक्षक, डोळ्यांवर पारदर्शक चष्मा आणि दोन्ही हातांत भाड्याने घेतलेले पिस्तूल, अशा थाटात तो शूटिंग रेंजवर उभा होता. साताऱ्याहून ताईने आणि दाजींनी कौतुकाचे अंगठे पाठवले. मला मात्र ते पाहून धडकी भरली. मी लगेच फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, टेक्सासमध्ये लायसन लागतच नाही." त्याच्या वर्गातल्या अमेरिकी मुलांनी त्याला तसे सांगितले होते, आणि त्यांच्यापुरते ते खरेही होते. त्याच्या बाबतीत ते खरे नव्हते. हे पत्र मी त्यासाठीच लिहितो आहे, कारण असे भाचे-पुतणे आज आपल्या अनेक वाचकांच्या घरांतून इकडे अमेरिकेत आलेले आहेत.

अमेरिकेचा केंद्रीय कायदा असे सांगतो की, जी व्यक्ती तात्पुरत्या व्हिसावर या देशात आली आहे, मग ती विद्यार्थी असो, एच-वन-बी व्हिसावरचा अभियंता असो किंवा मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील असोत, तिने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला अपवाद थोडे आहेत. नेहमी सांगितला जातो तो म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा परवाना. "जवळ बाळगणे" या शब्दांत रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही येते. २०२२ पासून या कलमाखालील कमाल शिक्षा पंधरा वर्षांची आहे, आणि शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येते, ही टांगती तलवार वेगळीच. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू नाही. रेंजच्या काउंटरवर भरून घेतलेल्या कागदावरची बारीक अक्षरे विशीतला मुलगा वाचत नाही, आणि एकाच टेबलावर नेम धरणाऱ्या चार मित्रांपैकी तिघांना जे मोकळे आहे ते चौथ्याला निषिद्ध असू शकते, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. मी भाच्याला पुन्हा तिकडे पाऊल टाकू नकोस असे बजावले आणि एका इमिग्रेशन वकिलाचा फोन क्रमांक दिला.

टेक्सासबद्दल त्याने ऐकले होते ते असे. १ सप्टेंबर २०२१ पासून त्या राज्यात एकवीस वर्षांवरील, कायद्याने अन्यथा अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ घेऊन बाहेर फिरण्यासाठी परवाना काढावा लागत नाही. फ्लोरिडाने १ जुलै २०२३ पासून लपवून पिस्तूल बाळगण्याची परवान्याची अट काढली. २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियाना यांची भर पडली आणि अशा राज्यांची संख्या २९ झाली. व्हर्माँट या लहानशा उत्तरेकडच्या राज्याने तर असा परवाना कधी ठेवलाच नाही. त्याचा एक विचित्र परिणाम असा की, जी राज्ये परक्या राज्याचा परवाना पाहून मान्यता देतात, तिथे व्हर्माँटच्या सरळमार्गी माणसाकडे दाखवायला आपल्या राज्याचा कागदच नसतो.

मी पेनसिल्व्हेनियात लेविटाऊनजवळ राहतो आणि एक लहान दुकान चालवतो. काही वर्षांपूर्वी दुकान बंद करण्याच्या वेळी एकाने शस्त्र दाखवून गल्ला रिकामा करून घेतला. त्यानंतर बराच विचार करून मी पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा परवाना काढला. काउंटीच्या शेरीफकडे अर्ज, वीस डॉलर शुल्क, ओळख देणारी दोन माणसे आणि पूर्वेतिहासाची तपासणी, एवढ्यावर पाच वर्षांचा परवाना मिळाला. पिस्तूल हातात धरता येते का, असे मला कोणी विचारले नाही, कारण पेनसिल्व्हेनियाचा कायदा प्रशिक्षण मागत नाही. ते मी स्वतःहून, पैसे भरून घेतले. याच राज्यात, फिलाडेल्फिया शहर सोडले तर, पिस्तूल कमरेला उघड लावून पायी चालायला परवाना लागत नाही. मात्र त्यावर कोट ओढला किंवा ते लावून मोटारीत बसले, की लागतो. थंडीच्या दिवसांत कोटाचे बटण लावताना कायद्याचा विचार करावा लागतो, हे साताऱ्यात कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

दर गुरुवारी मला माल आणायला न्यू जर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडकडे जावे लागते. मधे डेलावेअर नदी आहे. निघण्यापूर्वी मी पिस्तुलाचे मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढून आतली गोळी बाहेर घेतो, नळी रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि मग करंगळीने तपासतो, आणि ते काउंटरखाली फरशीला पक्क्या केलेल्या तिजोरीत कुलपात ठेवतो. मग गाडीची डिकी आणि पुढचा खण पाहतो, एखादी सुटी गोळी राहिलेली नाही ना म्हणून. पूल ओलांडायला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण पलीकडे माझ्या परवान्याला शून्य किंमत आहे. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, आणि तिथे विनापरवाना पिस्तूल बाळगण्याच्या गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा असून त्यातली किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना भोगावी लागतात.

ही अतिशयोक्ती नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेची गाडी न्यू जर्सीत रहदारीच्या किरकोळ कारणावरून अडवण्यात आली. तिच्याकडे माझ्यासारखाच पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. पदरात दोन लहान मुले, पूर्वी गुन्ह्याची नोंद नाही, आणि गाडीत पिस्तूल आहे हे तिने पोलिसाला स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. त्या सांगण्यावरून तिला अटक झाली आणि साडेतीन वर्षांची कैद समोर उभी राहिली. वर्षभराने राज्याच्या महान्यायवादींनी परराज्यातल्या परवानाधारकांबाबत सरकारी वकिलांना सौम्य धोरण सांगितले, आणि एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. तिने कायदा मोडला होता यात शंका नाही. पण खरे बोलणाऱ्या माणसाच्या आणि तुरुंगाच्या मधे केवळ एका गव्हर्नरची दया असावी, हे मला आजही अस्वस्थ करते.

प्रवासासाठी १९८६ च्या केंद्रीय कायद्यात एक सवलत आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी तुम्हाला शस्त्र बाळगण्याचा अधिकार असेल, तर मधल्या राज्यांतून ते रिकामे करून, कुलूपबंद करून, गाडीत हाताशी येणार नाही असे नेता येते. पण ही सवलत किती तोकडी आहे, ते २००५ मधल्या एका युटाच्या प्रवाशाला कळले. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर त्याचे पुढचे विमान चुकले. नियमाप्रमाणे नोंद करून दिलेले, कुलूपबंद पिस्तूल असलेली बॅग त्याच्या हाती परत आली आणि ती घेऊन त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी तीच बॅग पुन्हा नोंदवायला गेला, तेव्हा त्याला अटक झाली आणि चार दिवस तुरुंगात काढावे लागले. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने मागितलेली दाद केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली, कारण त्या रात्री बॅग त्याच्या हाताशी होती.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच आहे, आणि परवाना मागणाऱ्याने पुरेसे कारण दाखवावे लागते, हे कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्येही १९१३ पासून जवळपास तसेच होते. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती "योग्य कारणा"ची अट घटनाबाह्य ठरवली. निकाल न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिला. त्या निकालाने राज्ये एकसारखी होतील असे अनेकांना वाटले होते. झाले वेगळेच. न्यूयॉर्कने सुमारे दोन महिन्यांत नवा कायदा लागू केला : सोळा तासांचा वर्ग, दोन तास प्रत्यक्ष गोळीबार, आणि भुयारी रेल्वेपासून टाइम्स स्क्वेअरपर्यंत बंदीच्या जागा. न्यू जर्सीने त्याच डिसेंबरात शुल्क पन्नास डॉलरवरून दोनशेवर नेले आणि प्रशिक्षणाचे नियम कडक केले. त्याच सुमारास इतर काही राज्ये परवान्याची अटच रद्द करत होती.

आता मागणी अशी आहे की, वाहनचालकाचे लायसन जसे सगळीकडे चालते, तसा एका राज्याचा पिस्तूल परवाना सर्व राज्यांनी मानावा. असे विधेयक प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले होते, सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही; २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. मी स्वतः परवानाधारक असूनही ते जसे आहे तसे मला मान्य नाही. गाडीच्या लायसनसाठी राज्ये सहसा परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून घेतात. पिस्तुलासाठी न्यूयॉर्क अठरा तास घेते आणि माझे राज्य एक मिनिटही घेत नाही. मी ज्या वर्गात शिकलो, तिथे परवाना खिशात असलेले दोघे जण पहिल्या दिवशी ट्रिगरवर बोट ठेवूनच मागे वळले होते. त्यांनी तसेच टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत जावे असे मला वाटत नाही. आधी देशभर एक किमान प्रशिक्षण ठरवा आणि मग परवाना सर्वत्र चालू द्या. तोवर अनवधानाने हद्द ओलांडलेल्या, पूर्वी गुन्हा नसलेल्या परवानाधारकाला सक्तीच्या कैदेऐवजी दंड करावा, एवढी तरतूद राज्यांनी करायला हवी.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. अमेरिकेतील गोळीबाराच्या किंवा शस्त्रकायद्याच्या बातमीत "अमेरिकेत बंदूक कोणालाही मिळते" असे वाक्य अनेकदा येते. त्याऐवजी कोणते राज्य, तिथला नियम काय, एवढे दोन ओळींत द्यावे. आणि उन्हाळ्यात परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बँक खाते, विमा आणि थंडीच्या कपड्यांची माहिती आपण छापता, त्यात रेंजवर जाण्याबद्दलचा हा नियमही घालावा. ताईने आता तो छापील स्वरूपात मागितला आहे, सोसायटीतल्या आणखी दोन मुलांचे व्हिसा ऑगस्टपूर्वी व्हायचे आहेत म्हणून.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, लेविटाऊन, पेनसिल्व्हेनिया