ताई, त्या ‘अनबाउंड मॉड्यूल’च्या संध्याकाळीबद्दल थँक्यू

ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तू विषय बदलतेस, म्हणून हे असं उघड पत्र.

ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली तेव्हा पहिले दोन दिवस माझे एका लाल रेघेत गेले. ‘अनबाउंड मॉड्यूल’, म्हणजे तू वापरलेलं मॉड्यूल (कोडची दुसरी फाइल) मला सापडत नाही. फाइल समोर दिसतेय, नाव बरोबर आहे, तरी एडिटर म्हणतो सापडत नाही, मी व्हीएस कोड (माझा एडिटर) काढून परत टाकला, एक्स्टेंशन बदलून बघितलं, शेवटी ही भाषा आपल्याला जमायची नाही असंच वाटायला लागलं. तू कॉलवर आलीस, स्क्रीन बघितलीस आणि विचारलंस, “बिल्ड केलंयस का?” टर्मिनलमध्ये ड्यून, म्हणजे ओकॅमलचं बिल्ड करणारं टूल, वॉच मोडला (फाइल बदलली की आपोआप परत बिल्ड) लावायला सांगितलंस आणि रेघ गेली.

तिथेच फोन ठेवला असतास तरी चाललं असतं. पण पुढचा दीड तास तू ते का झालं हे समजावत बसलीस आणि खरं थँक्यू त्या दीड तासाचं आहे. एडिटरच्या मागे मर्लिन नावाचा, कोड वाचून टाइप आणि चुका सांगणारा प्रोग्राम बसलेला असतो, उघडलेली फाइल तो स्वतः वाचतो पण बाकीच्या मॉड्यूल्सची माहिती कंपायलरने बनवलेल्या सीएमआय फाइलींमधून घेतो, त्या बनल्याच नसतील तर तो दाखवणार काय! आणि ओपॅमचा (ओकॅमलचा पॅकेज मॅनेजर) नवा स्विच, म्हणजे कंपायलर आणि पॅकेजेसचा वेगळा संच, केला की मर्लिनला एडिटरशी जोडणारा ओकॅमल-एलएसपी त्यात परत इन्स्टॉल करायचा, कारण कंपायलरचं व्हर्जन जुळावं लागतं. हे वहीत लिहून ठेवलंय, खूपदा कामाला आलंय.

मग तुझ्या वेळचं सांगितलंस. ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये ट्यूआरेग नावाचा ओकॅमलचा मोड, त्यात रंग आणि इंडेंटेशन मिळायचं. टाइप (एखादी किंमत आकडा आहे, मजकूर आहे की आणखी काही) बघायचा तर आधी कंपाइल करायचं, शेजारी ॲनॉट फाइल पडायची, तिच्यातून टाइप दिसायचा, आणि वर दोन ओळी घातल्या की सगळं सरकलं. ओकॅमलमध्ये टाइप आपण फारसे लिहीतच नाही, कंपायलर शोधून काढतो, आणि त्याने काय शोधलं तेच दिसत नसेल तर किती अंदाजाने काम करावं लागत असेल.

2013 च्या आसपास फ्रेदेरिक बूर आणि तोमा रेफी यांचा मर्लिन आला, आणि तो अर्धवट कोडवरही टाइप सांगायचा. मला ही गोष्ट अजून भारी वाटते, कारण लिहिताना कोड बहुतेक वेळ तुटलेलाच असतो, कंस उघडा, मॅच अर्धा, आणि त्यासाठी पार्सर आणि टाइप-चेकर दोन्ही चुकीवरून पुढे जातील असे करावे लागले. तेव्हा मर्लिनला प्रोजेक्टची माहिती देणारी डॉट मर्लिन फाइल हाताने लिहायचात, मग ड्यून ती बनवायला लागलं, आणि ड्यून 2.8 पासून ती फाइलच गेली. मधे 2016 ला मायक्रोसॉफ्टचा एलएसपी (कुठल्याही एडिटरने भाषेच्या टूलशी बोलायची एकच पद्धत) आला म्हणून आज माझ्यासारखीला ईमॅक्स न शिकताही हे सगळं मिळतं, आत मात्र मर्लिनच.

त्या दिवशी तू मला एका ऑप्शनवर (किंमत असेल किंवा नसेल असा टाइप) मर्लिनचं ‘डिस्ट्रक्ट’ दाबायला लावलंस आणि नन, सम दोन्ही केस आपोआप लिहून आल्या, रिकाम्या जागी अंडरस्कोर. पॅटर्न मॅचिंग मला तिथे कळलं, पुस्तकात नाही.

आणि हो, एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते बघायला तुम्ही ग्रेप (फाइलींमध्ये नुसता मजकूर शोधणारी कमांड) मारायचात म्हणालीस ना? आम्ही ओकॅमल 5.2 वर आलो, ड्यूनला इंडेक्स बनवायला सांगितला, आणि एका क्लिकवर पूर्ण प्रोजेक्टमधल्या जागा आल्या, त्याच नावाचं दुसऱ्या मॉड्यूलमधलं फंक्शन बरोबर वगळून. पुढच्या वेळी भेटलीस की स्क्रीनवर दाखवते.

तुझी,
वॉच मोड कधीच बंद न करणारी