हावडा पुलावरची ट्राम: ‘पूल कमकुवत’ एवढेच कारण पुरेसे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोलकात्याची ट्राम बंद करण्याचा निर्णय तिथल्या सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतून तिच्याविषयी बरेच छापून आले. त्यातल्या बहुतेक लेखांत हावडा पुलाचा विषय एका वाक्यात उरकलेला दिसतो: पूल कमकुवत झाला म्हणून १९९३ साली त्यावरची ट्राम थांबवली. पुलावर भार वाढत चालला होता, हे खरे. पण ‘कमकुवत’ या शब्दाने वाचकाची दिशाभूल होते. पुलावर रूळ टाकणे म्हणजे नेमके काय आणि ते काढल्यावर शहराचे काय होते, हे दोन्ही त्या शब्दाआड राहून जाते.

आधी क्रम सांगतो. हावडा आणि कोलकाता यांच्यामधल्या हुगळी नदीवरचा पहिला पूल १८७४चा, सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला. लांबी १,५२८ फूट आणि तोही तरता, म्हणजे पिंपांसारख्या पोकळ तराफ्यांवर ठेवलेला. जहाजांना वाट द्यायची तर मधला २०० फुटांचा भाग बाजूला काढावा लागे. भरती-ओहोटीबरोबर पूल वर-खाली होई, त्यामुळे दोन्ही काठांवरचा चढ-उतार तासातासाला बदले. असल्या पुलावर ट्राम नेणे शक्यच नव्हते. मधला भाग उघडताना दर वेळी रूळ आणि वरची तार तोडायची आणि पुन्हा जोडायची, हे कोण करणार? म्हणून १९०५मध्ये हावड्याच्या बाजूला विजेची ट्राम सुरू झाली ती कोलकात्यापासून वेगळी, आणि तिथले शिबपूर व बांधाघाटचे मार्गही वेगळेच राहिले. दोन्ही काठांवर एकाच रुंदीचे, ४ फूट साडेआठ इंचांचे रूळ, आणि मध्ये नदी, अशी जवळजवळ ३८ वर्षे गेली.

फेब्रुवारी १९४३मध्ये आजचा पूल खुला झाला तेव्हा हा दुवा जुळला. महायुद्धाचे दिवस असल्यामुळे समारंभ झाला नाही. पुलावरून पहिले वाहन गेले ते एकटी ट्राम! दोन्ही काठांचे मार्ग जोडले गेले आणि कोलकात्याच्या ट्रामचे जाळे ६७.५९ किलोमीटरवर पोहोचले. म्हणजे ट्राम हा या पुलावर मागाहून आलेला पाहुणा नव्हे. तिचा भार पहिल्या दिवसापासून हिशेबात होता.

आता पुलाची रचना पाहू. दोन मनोऱ्यांमधले अंतर १,५०० फूट. दोन्ही मनोऱ्यांपासून ४६८ फुटांचा एकेक बाहू पुढे आलेला, आणि त्या बाहूंच्या टोकांवर ५६४ फुटांचा मधला गाळा तोललेला. रस्ता या सांगाड्यावर टेकलेला नाही, तो ३९ जोड टांगण्यांनी खाली लटकवलेला आहे. आडव्या तुळया, त्यांच्यामध्ये पुलाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळयांच्या सहा रांगा, वर पन्हाळीसारखे दाबून घडवलेले पोलादी पत्रे आणि त्यावर काँक्रीट. गाडीरस्ता ७१ फूट रुंद. दोन्ही टोकांकडून मध्याकडे ४०ला १ असा चढ. विजेच्या ट्रामला हा चढ जड नाही, पण पावसात ओल्या रुळावर ब्रेक लावताना चालकाला जपावे लागते.

खरी अडचण सांध्यांत असते. पोलादाची १०० मीटर लांबी तापमान १० अंशांनी वाढले की १२ मिलिमीटरने वाढते. मनोऱ्यांमधले ४५७ मीटर धरले आणि पहाटेपासून भर दुपारपर्यंत पोलाद २० अंशांनी तापले, तर सुमारे ११० मिलिमीटरची हालचाल होते. ती मुख्यत्वे मधला गाळा आणि बाहू जिथे मिळतात त्या दोन मोठ्या सांध्यांतून मोकळी होते. डांबरी रस्त्याला तिथे पोलादी पट्ट्या बसवून भागते. रुळाला भागत नाही. साध्या रुळाच्या जोडात काही मिलिमीटरची फट चालते. इथे पाच-पाच सेंटिमीटर सरकणारा रूळ हवा. त्यासाठी दोन रुळांची टोके तिरकस तासून एकमेकांशेजारी सरकती ठेवायची असतात. ट्रामच्या रुळाला चाकाची कड चालण्यासाठी खाच असते. सांध्यापाशी तिच्यात धूळ, खडी आणि बैलगाडीतून पडलेला पेंढा गच्च बसला, की कड वर चढते आणि चाक रुळावरून उतरू शकते. ते टाळले तरी दर फेरीला चाक त्या जागी आपटते आणि तो ठोका थेट टांगत्या रस्त्याच्या तुळयांना बसतो. हे सांधे नेमाने साफ केले, मोजले, झिजलेली टोके बदलली, तर वर्षानुवर्षे चालतात. त्यात हयगय झाली की मात्र पुलाला त्रास.

दुसरी गोष्ट विजेची. कोलकात्याची ट्राम ५५० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते. वीज वरच्या तारेतून येते आणि रुळातून परत जाते. दोन रूळ जोडणारी तांब्याची पट्टी तुटली, तर प्रवाह जवळचा दुसरा रस्ता धरतो, आणि पोलादी पुलावर तो रस्ता म्हणजे खुद्द पूल. प्रवाह पोलादातून ओल्या जागी जिथे बाहेर पडतो तिथे लोखंड विरघळते. एक अँपिअर प्रवाह वर्षभर असा गळत राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड जाते. म्हणून पुलावरच्या रुळाच्या प्रत्येक जोडाची विद्युत चाचणी ही देखभालीची पहिली पायरी. ती रंगरंगोटीइतकी नजरेत भरत नाही.

तिसरी गोष्ट गर्दीची. १९४६च्या गणनेत पुलावरून दिवसाला २७,४०० वाहने, १,२१,१०० पादचारी आणि २,९९७ गुरे गेल्याची नोंद आहे. पुढे बसगाड्या आणि ट्रक वाढतच गेले. ट्राम बाजू काढू शकत नाही. एकीचा ट्रॉलीचा, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा दांडा तारेवरून निसटला, की कंडक्टर दोरी ओढून तो परत बसवेपर्यंत मागचे सगळे खोळंबते. भार कमी करायचा ठरला तेव्हा सर्वांत सोपे काढता आले ते रूळ, कारण ट्रामला पर्यायी वाट नसते आणि तिच्या बाजूने बोलणारेही थोडे असतात. १० ऑक्टोबर १९९२ला हुगळीवरचाच नवा विद्यासागर सेतू खुला झाला. त्यावर रूळ नव्हते. जुना पूल हलका करायला नवा पूल उभा राहिला, पण ट्रामला त्यावर जागा मिळाली नाही. माझ्या मते खरी चूक ती आहे.

त्याआधीच, १९७०-७१च्या सुमारास बांधाघाटचा आणि शिबपूरचा मार्ग बंद झाला होता. तरीही हावडा स्थानकापर्यंत ट्राम येत होती, आणि तीच महत्त्वाची. नागपूर, अकोला, भुसावळहून मेलने उतरणारा प्रवासी स्थानकाबाहेर ट्राममध्ये बसून शहरात जाऊ शकत होता. १९९३मध्ये हे सगळे मार्ग कोलकात्याच्या बाजूला, बडाबाजारच्या टोकाशी तोडले गेले आणि त्या थांब्याला नाव मिळाले ‘हावडा ब्रिज’. पाटीवर पूल, पण ट्राम पुलावर जाणार नाही! ट्रंका-वळकट्या घेऊन पूल चालून येईल आणि मग ट्राम पकडेल, असा प्रवासी किती काळ टिकणार? स्थानकावरचा हक्काचा प्रवासी गेला, हे पुढच्या उताराचे एक मोठे कारण आहे. ‘ट्राममध्ये कोणी बसत नव्हते’ असे लिहिताना हे ध्यानात घ्यावे.

हावडा स्थानकाहून शहराच्या मध्यभागी जाणारे रूळ पुन्हा नदी ओलांडू लागले ते मार्च २०२४मध्ये, तेही पाण्याखालून: हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो, नदीखालचा बोगदा ५२० मीटर. आणि सरकारने राखू म्हटलेला ट्रामचा एकमेव मार्ग, एस्प्लनेड ते कोलकात्यातले मैदान, नेमका त्या मेट्रोच्या एस्प्लनेड स्थानकापाशी सुरू होतो. हावड्याला उतरणाऱ्या मराठी प्रवाशांना ही माहिती आपल्या प्रवास पुरवणीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर