चिठ्ठीतल्या ‘मोगाई’बद्दल सुधाकरला

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

प्रश्नपेटीतली चिठ्ठी तू जशीच्या तशी उतरवून पाठवलीस ते बरं केलंस. ‘मोगाईत येणाऱ्यांना सरकारी दाखला मिळतो का? आणि डेमी असणं हा आजार आहे का?’ लिहिणारा पोरगा की पोरगी, ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायच्या भानगडीत पडूही नको. शनिवारच्या तासाला उत्तर द्यायचं म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोगाई हे इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेलं नाव आहे : मार्जिनलाइज्ड ओरिएंटेशन्स, जेंडर अलाइनमेंट्स अँड इंटरसेक्स. उपेक्षित राहिलेले लैंगिक कल, लिंगभावाच्या जाणिवा आणि इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच स्त्री-पुरुषाच्या ठरावीक साच्यात न बसणारी शरीरं, यांची एकत्र बांधलेली मोट. २०१० नंतरच्या दशकात टंबलर या इंटरनेटवरच्या ब्लॉगांच्या अड्ड्यावर ते चालू झालं. एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर) या चार अक्षरांत जे बसत नव्हते, त्यांना ‘वगैरे’त राहायचं नव्हतं. पुढे तिथे रोज नवी नावं निघू लागली आणि मोगाईची टिंगलही झाली. आता या सगळ्यांसाठी क्वीअर हा शब्द जास्त ऐकू येतो. तरी चिठ्ठीत मोगाई आहे ना, मग तू वर्गात मोगाईच म्हण. उत्तर द्यायच्या आधीच शब्द दुरुस्त केला, तर पुढची चिठ्ठी येणार नाही.

नावांची यादी पाठ करून जाऊ नको. फळ्यावर आधी चार प्रश्न लिही. शरीर कसं जन्मलं? मनातून मी स्वतःला कोण समजतो? लैंगिक ओढ कोणाबद्दल, किती, केव्हा वाटते? प्रेमात कोणाच्या पडावंसं वाटतं? कोणतंही अनोळखी नाव यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि ते नावाच्या शेपटीवरून ओळखता येतं. ‘सेक्शुअल’ आलं की ओढ, ‘रोमँटिक’ आलं की प्रेम, ‘जेंडर’ आलं की स्वतःची जाणीव. नावाच्या सुरुवातीचा तुकडा किती किंवा कसं ते सांगतो. ‘ए’ म्हणजे नाही, ‘ग्रे’ म्हणजे क्वचित किंवा अगदी फिकट, ‘पॅन’ म्हणजे समोरच्याचं लिंग आड न येता. घोटाळा होतो तो ‘डेमी’पाशी. डेमीसेक्शुअल म्हणजे आधी मनाची घट्ट जवळीक झाल्याशिवाय ज्याला लैंगिक ओढ वाटतच नाही असा माणूस. डेमीगर्ल किंवा डेमीबॉय म्हणजे स्वतःला काही अंशीच मुलगी किंवा मुलगा मानणारी व्यक्ती. चिठ्ठीत नुसतं डेमी लिहिलंय, म्हणून दोन्ही अर्थ सांग.

एकाच माणसाला चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, हे मात्र ठासून सांग. आपल्याकडे एकावरून दुसरं गृहीत धरायची खोड आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्यात लुगडं नेसून नाचणारा गडी घरी चार लेकरांचा बाप असतो. वेश ही भूमिका झाली, त्यावरून ओढही कळत नाही आणि जाणीवही कळत नाही.

आता आजाराचं. इथे वेळ घे, कारण गावात खरा त्रास याच ठिकाणी होतो. असेक्शुअल, म्हणजे ज्याला कोणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नाही असा माणूस, नपुंसक नसतो आणि ब्रह्मचारीही नसतो. ब्रह्मचर्य हा निर्णय आहे, हा कल आहे. शरीर नेहमीसारखं चालतं, मूलही होऊ शकतं. ग्रे आणि डेमी त्याच पट्ट्यातले. २००४ मध्ये अँथनी बोगार्ट या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतली उत्तरं तपासली, तेव्हा सुमारे १ टक्का लोकांनी कधीच कोणाबद्दल ओढ वाटली नसल्याचं म्हटलं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या आजारसूचीतही, जो स्वतःला असेक्शुअल म्हणवतो त्याच्या इच्छेच्या अभावाला विकार ठरवू नये, असं नोंदलं आहे. डॉक्टरकडे जायची वेळ वेगळी : आधी असलेली इच्छा अचानक गेली, सोबत थकवा आहे, उदासी आहे, वजन बदललंय, किंवा नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यात. तिथे थायरॉइड, नैराश्य आणि औषधाचा परिणाम हे तपासायचंच. पहिल्यापासून असणं आणि मधेच गमावणं यातला फरक पोरांना कळला की निम्मी भीती जाते.

‘लगन करून द्या, सारं जाग्यावर येते’ हा आपल्याकडचा इलाज. त्यात दोन माणसं अडकतात, आणि दुसऱ्याला तर कोणी काही सांगितलेलंही नसतं. कोणी मांत्रिकाकडे नेऊन मारझोड करवली, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. कल बदलून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्याला ऐकव.

इंटरसेक्सचं थोडक्यात. ती शरीराची जन्मजात रचना आहे, गुणसूत्रं, ग्रंथी किंवा अवयव यांतला फरक. म्हणूनच कित्येक इंटरसेक्स लोकांना मोगाईत स्वतःला मोजलेलं आवडत नाही. तुझ्या ओळखीच्या आशा सेविकाताईंना एक नक्की सांग : बाळाचे अवयव स्पष्ट नसले तर शस्त्रक्रियेची घाई नको, पण तपासणीची घाई हवी. जन्मजात अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका विकारात पहिल्या काही आठवड्यांतच अंगातलं मीठ कमी होऊन उलट्या होतात, बाळ सुकतं, जीवही जाऊ शकतो. केवळ अवयव ‘नीट’ दिसावेत म्हणून तान्ह्या बाळावर केलेल्या शस्त्रक्रियांना मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मनाई करायला सांगितलं आणि तामिळनाडूने तसा आदेश काढला.

दाखल्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर : मोगाई नावाचा कोणताही दाखला नाही. कायद्याची मोट वेगळी आहे. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायदा मंजूर झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, इंटरसेक्स, जेंडरक्वीअर (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारे) आणि किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता एवढे धरले होते. डेमीसेक्शुअल, पॅनसेक्शुअल, गे हे त्यात येत नाहीत. ते लैंगिक कल आहेत, त्यांना दाखला लागतही नाही. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला, तेवढं सांग. ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो, देतात जिल्हाधिकारी, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी तो पालकाने करायचा असतो. म्हणजे घरी माहीत नसेल तर अर्जाची भाषा आत्ताच काढू नको. अटी बदलतात, कोणाला खरंच भरायचा असेल, तर त्या दिवशीचा नियम पाहूनच कागद जमव.

कोणी एकटं भेटायला आलं तर ‘कधीपासून?’, ‘नक्की का?’ हे विचारू नको. ‘तुला मी काय म्हणू, आणि कोणासमोर म्हणू?’ एवढं विचार. दुसरा भाग विसरलास तर तू वर्गात आदराने वापरलेलं नाव संध्याकाळी पानठेल्यावर पोचतं. वहीवर काळा-राखाडी-पांढरा-जांभळा पट्टा दिसला तर तो असेक्शुअलांचा झेंडा, पिवळा-पांढरा-जांभळा-काळा असेल तर नॉनबायनरींचा, म्हणजे स्त्री-पुरुष या दोन चौकटींत स्वतःला न बसवणाऱ्यांचा. पाहिलास तरी बोलू नको. ओळख ही पालकांना कळवायची बाब नाही. मात्र ‘कोणालाच सांगणार नाही’ असं सरसकट वचनही देऊ नको : १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं तुला बंधनकारक आहे. तेवढी एक मर्यादा पहिल्याच वाक्यात सांगून टाक. मन फार खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे, मराठीत बोलतात. सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक १० ते १९ वयासाठीच आहे, पण ओळखीची नर्स असेल त्या दिवशी पोरं तिकडे फिरकत नाहीत, तर तालुक्याचं सोडून दुसरं सुचव.

आणि मूळ चिठ्ठी वर्गात नेऊ नको, अक्षर ओळखतात पोट्टे. प्रश्न तुझ्या हाताने फळ्यावर लिही, त्यासोबत आणखी तीन-चार इकडचे तिकडचे प्रश्न घे, आणि चिठ्ठ्या घरी चुलीत घाल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. वेचणी आटोपली की चक्कर टाक.

तुझा,
भास्कर