मेहकरला एक फोन करा, बाबा

पुणे, 16 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईच बोलते आणि बाबा मागून "बरं आहे म्हणा, ठेवा आता" म्हणून मोकळे होतात. म्हणून या वेळी कागदावर. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

आमच्या बॅचचा मेळावा ठरला. 1998 ला पीकेव्हीत, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, गेलो आणि 2002 ला बाहेर पडलो, तीच आमची टोळी. 27 डिसेंबरला भाऊसाहेब पंजाबरावांची जयंती, शनिवार आहे. त्याला जोडून रविवारी, 28 ला अकोल्यात जमायचं. आधी कोणीतरी मोठं लॉन काढलं होतं, माणशी दीड हजार. त्यावर ग्रुपवर चार दिवस भांडण. शेवटी लॉन रद्द झालं, कॉलेजच्याच आवारात बसायचं आणि जेवायला वरण-भात-रोडगे. मला तेच बरं वाटलं.

तुम्हाला कोणाची नावं आठवायची नाहीत, गावं आठवतील. होस्टेलमध्ये आम्ही एकमेकांना तालुक्यानंच हाका मारायचो. तर आपली वणी (आई, तीच ती, जिनं तुझ्या आंबाडीच्या भाजीवर कळण्याच्या चार भाकरी खाल्ल्या होत्या) उपविभागीय कृषी अधिकारी झाली. रिसोड पीएच.डी. करून कृषी विज्ञान केंद्रात आहे. पातूर हैदराबादला बियाण्याच्या कंपनीत, सारखा विमानात. अचलपूरची खत-बियाण्याची दोन कृषी केंद्रं आहेत, पण उधारीच्या वसुलीनं केस गेले म्हणतो. मी कर्ज वाटते हे तुम्हाला माहीतच आहे.

गंमत बघा, आम्ही पेपरात अमेरिकन बोंडअळीवर पानंच्या पानं लिहिली आणि पास झालो त्याच वर्षी, 2002 ला, त्याच अळीला मारणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "आता तुझ्या डिग्रीचं काय करायचं?" पुढे 2017 ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा मात्र मला फोन केलात.

आता खरं काम. मेहकर येत नाही म्हणतो.

मेहकर आठवतो ना? आमच्यात पहिला यायचा. शेवटच्या वर्षी रावेला, म्हणजे गावात राहून शेती शिकायला, 2001 च्या पावसाळ्यात, तो आपल्याच गावात होता आणि तुमच्याकडे शिकायला यायचा. एकदा तुम्ही त्याच्या हाती तण काढायचा डवरा दिलात आणि तंबाखू मळायला बांधावर बसलात. पोट्ट्यानं अर्ध्या तासात कपाशीची कितीतरी पऱ्हाटी कापून टाकली. घाबरून त्यानं ती रोपटी परत मातीत खोचून ठेवली, एका ओळीत, अगदी नीट. दुपारच्या उन्हानं सगळ्या माना टाकल्या. तुम्ही ती ओळ पाहिलीत, त्याच्याकडे पाहिलंत आणि "चाल, जेवून घे" एवढंच म्हणालात. हे मला आईनं नाही, त्यानं सांगितलं, गेल्या आठवड्यात. चोवीस वर्षांनी!

पुढे त्यानं पाच वर्षं एमपीएससी केली. दोनदा थोडक्यात गेलं. मग वडील गेले आणि तो घरी परतला. सहा एकर आहे, सोयाबीन-तूर, थोडी हळद. या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328, आणि बाजारात काय मिळतोय ते तुम्हीच मला सांगता.

मेळाव्यासाठी सगळ्यांना एक फॉर्म पाठवला होता. नाव, हुद्दा, ठिकाण. त्यानं हुद्द्याचा रकाना कोरा ठेवला आणि खाली लिहिलं, 'तुरीचं काम आहे, जमणार नाही.' तुरीचं काम! 28 डिसेंबरला एका दिवसानं तुरीचं काय बिघडतं हे काय मला कळत नाही? तो रकाना ठेवायला नको होता, हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, बाकी सगळे गप्प. मी स्वतः तो फॉर्म भरताना 'वरिष्ठ' शब्द घातला होता, हेही सांगून टाकते.

मी फोन केला तर माझं काही ऐकेना. उलट विचारलं, "काकाजी कसे हायेत? अजून डवरा धरतात का?" बाबा, तुम्ही त्याला एक फोन करा. नंबर आईच्या फोनमध्ये 'मेहकर' नावानं टाकून ठेवलाय. मेळाव्याचं काढू नका. त्याच्या हळदीचं विचारा, पाणी किती दिवसांनी देतो ते विचारा. आणि मग म्हणा की मी येतोय अकोल्याला, तू भेटशील का.

हो, तुम्ही दोघंही यायचं आहे. मी शुक्रवारी रात्री निघते, संभाजीनगरहून समृद्धीला लागते, कारंजाला उतरून सकाळी घरी. शकुंतलेच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून पुढे मोठी गाडी, असं आता काही राहिलं नाही. रविवारी सकाळी कारनं आरामात जाऊ. दारव्ह्याच्या स्टेशनवर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन उभे होतात तसं उभं राहायचं काम नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग. जवसाची चटणी दोन डबे कर, एक वणीला. तिखट जरा बेतानं, तिला आता ॲसिडिटी आहे.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, खोचलेल्या पऱ्हाटीची गोष्ट मी तुम्हाला सांगितली हे त्याला कळू देऊ नका.