गिधाडं की माणसं?

नाशिक,
११ जानेवारी

प्रिय दिनू,

दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून चकली मोडता मोडता तू म्हणालास, "वशा, इथं माणसांना धड औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही गिधाडं वाचवत बसा." सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मला ठाऊक होतं, पण त्यात माझाच हात अडकलाय, म्हणून तोंड उघडलं नाही. आज लिहून टाकतो.

आपल्या गावाबाहेरचा माळ आठवतो? मेलेलं ढोर तिथं ओढून टाकायचे. कातडं निघालं की वर घिरट्या सुरू, आणि मग एकेक करत पन्नास-साठ गिधाडं उतरायची. आपण शाळा बुडवून, नाक दाबून बघायला जायचो. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जालीम असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच खलास होतात. गावाची ही सफाई फुकटात चालायची, आणि फुकट असल्यामुळंच तिची किंमत कधी कुणी मोजली नाही.

मी ढोरांचा डॉक्टर म्हणून नोकरीला लागलो, त्र्यंबक-पेठ भागात फिरू लागलो. १९९४ च्या आसपास डायक्लोफिनॅक हे सूज आणि दुखणं उतरवणारं औषध जनावरांसाठी सर्रास मिळायला लागलं. पेटंट संपलं होतं, भाव कोसळला होता. अरे, काय औषध होतं! बैलाचा खांदा सुजलाय, गाईची कास दगडासारखी झालीय, सुई मारली की जनावर चाऱ्याला तोंड लावायचं. शेतकरी हात जोडायचा, मलाही बरं वाटायचं. काही जनावरं मात्र आधीच हाताबाहेर गेलेली असायची. ती दोन दिवसांत मरायची आणि औषध अंगात घेऊन माळावर जायची.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश हे पक्षीतज्ज्ञ गिधाडांची मोजदाद करत होते. तिथली गिधाडं झपाट्यानं कमी होताहेत, हे त्यांनी १९९९ मध्ये छापून सांगितलं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा देशभरातला हिशेब पुढं असा निघाला की १९९२ मध्ये हजार असतील तर २००७ मध्ये जेमतेम एक उरलं. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, सगळे तर्क झाले.

उलगडा झाला पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स हे संशोधक आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं फाडून बघत होते. आतड्यांवर, काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी होऊन यूरिक आम्ल साचलेलं. विषाणू, जंतू, शिसं, पारा, कीटकनाशकं, सगळं तपासून झालं, काही हाती लागेना. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली, जिच्यावर मी आजही फिदा आहे. ते त्या भागातल्या ढोरांच्या डॉक्टरांकडं आणि औषधवाल्यांकडं गेले आणि विचारलं, बाबांनो, तुम्ही जनावरांना देता तरी काय? त्या यादीत मूत्रपिंडाला घातक आणि पोटातून रक्तात जाणारं औषध एकच निघालं, डायक्लोफिनॅक. तपासलेल्या २५ रोगी गिधाडांपैकी २५ च्या अंगात ते सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ मध्ये हे छापून आलं. शंभर मढ्यांतल्या एकात जरी औषध असलं तरी एवढा संहार होऊ शकतो, हा हिशेबही त्याच वर्षी मांडला गेला. एका मढ्यावर पन्नास गिधाडं बसतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते, मग दुसरं काय होणार?

आणि माणसं? तुझा प्रश्न तोच ना. मढी माळावर पडून राहिली, कुत्री पोसली गेली, ओढ्यात घाण उतरली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी काढल्या. जिथं गिधाडं पूर्वी भरपूर होती ते जिल्हे एकीकडं, जिथं फारशी नव्हतीच ते दुसरीकडं, आणि औषध येण्याआधीचे नि नंतरचे मृत्युदर. गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचं मरण चार टक्क्यांहून जास्त वाढलेलं. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आता हा अंदाजच आहे, प्रत्येक मयताच्या दाखल्यावर कारण 'गिधाड' असं थोडंच लिहितात? पण रेबीजच्या लशीचा खपही त्याच काळात वाढलेला दिसतो. मी वाचून कागद बाजूला ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. हिनं विचारलं, काय झालं? काय सांगणार?

मला त्या काळातली एक पोर आठवते. पाड्यावरची, सात-आठ वर्षांची. माळावरच्या कुत्र्यानं चेहऱ्याला चावा घेतलेला. जवळच्या दवाखान्यात लस होती, पण अशा चाव्यात लशीबरोबर जखमेत टोचायचं सीरम नव्हतं. आईबाप तिला घेऊन एसटीनं शहरात गेले. पोर वाचली. मी तिच्याच बापाच्या बैलाला ती सुई मारली होती, हे माझ्या डोक्यात यायला पुढं वीस वर्षं गेली.

२००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे सुजेवरचं दुसरं औषध गिधाडांना बाधत नाही हेही प्रयोगांनी दाखवलं. नुसतं 'हे बंद करा' म्हटलं असतं तर शेतकऱ्यानं माझं ऐकलं नसतं. हातात दुसरी बाटली होती म्हणून ऐकलं. तरी पळवाट राहिलीच. माणसांसाठीचं औषध तीस मिलीच्या बाटलीत मिळत राहिलं. माणसाला एका वेळी तीन मिली पुरतं; मोठी बाटली कुणासाठी विकली जात होती, हे काउंटरवरच्या पोरालाही माहीत होतं. ते बंद व्हायला २०१५ उजाडलं. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या त्याच जातीच्या औषधांवर जनावरांसाठी बंदी यायला तर २०२३.

नागपूरला माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. चांगलंच आहे. पण दिनू, तुझा दवाखाना आणि माझा दवाखाना एका रस्त्यावर होते, मध्ये फक्त पंचायत समिती. तुझ्याकडं कुत्रा चावल्याची नोंदवही, माझ्याकडं मेलेल्या जनावरांची. वीस वर्षं आपण रोज एकत्र चहा प्यायलो आणि त्या दोन वह्या एकदाही एका टेबलावर ठेवल्या नाहीत.

माझ्या वह्यांच्या झेरॉक्स मी निवृत्त होताना घरी आणल्या होत्या. १९९१ पासूनच्या आहेत, दोन वर्षांच्या वाळवीनं खाल्ल्यात. तुझ्याकडं काय उरलंय ते बघ. रुग्णांची नावं नकोत, फक्त महिना, गाव आणि आकडा पुरे. संक्रांत झाली की रविवारी ये. वह्या लावून बघू, आणि ऊन उतरलं की अंजनेरीला जाऊ. तिथल्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत. दुर्बीण मी घेतो. चकल्या तू आण, या वेळी वहिनींच्या हातच्या.

तुझा,
वशा