भाराभर चिंध्या

वडगाव, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू निघालास तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." तू काही बोलला नाहीस, गिटार खांद्याला लावून बस धरलीस. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा मिळतोय, हेच खूप.

परवा दुपारी लाईट गेली, माग बंद पडले. बसल्या बसल्या धाकटीनं मोबाईलवर एक फिल्म लावून दिली, 'जुनून', २०१५ सालची. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात कव्वाल, ढोलकवाले, ब्रासवाले जमलेत आणि त्यांच्यात एक किडकिडीत गोरा मान खाली घालून वाजवतोय. पुढं पुढं करणं नाही. मी म्हटलं हा कोण गं? "आप्पा, दादाच्या भिंतीवरचा पोस्टरवाला की. रेडिओहेड ह्या इंग्लिश रॉक बँडचा जॉनी ग्रीनवूड."

मग आठ दिवस तिला पिडून त्याची सगळी कुंडली काढली. शाळेत व्हायोला वाजवायचा. थोरला भाऊ बँडमध्ये बेसवर, हा सगळ्यांत धाकटा. बँडमध्ये घेतलं तेव्हा हाकलतील म्हणून कित्येक महिने कीबोर्डचा आवाज बंद ठेवून नुसती बोटं हलवली! वर बाकीचे म्हणायचे, नीट ऐकू येत नाही, पण तुझ्यामुळं भर येतेय. हा गुपचूप घरी जाऊन कॉर्ड बसवायचा आणि मग एवढा एवढा आवाज वाढवत न्यायचा. मी एकटाच हसत बसलो. तुला कधी सांगितलं नाही, भजनी मंडळात पहिलं वर्षभर मी पेटीच्या पट्टीवर बोट टेकवायचो, दाबायचो नाही. भाता मात्र जोरात. बुवांना कळत होतं, बोलले नाहीत.

पंधराव्या वर्षी त्यानं मेसियाँ नावाच्या फ्रेंच संगीतकाराची सिंफनी ऐकली, त्यात ओंद मार्तेनो हे वाद्य होतं. १९२८ मधलं. पेटीसारख्या पट्ट्या आहेत, पण पुढं एक तार. तारेला जोडलेली अंगठी बोटात घालून सरकवली की मींड निघते, म्हणजे एका सुरातनं दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं. पट्ट्यांवर मींड! चाळीस वर्षं मी पेटीवर त्याच एका गोष्टीला मुकलोय. त्यानं ते पुढं रॉक बँडमध्ये आणून वाजवलं.

सिनेमाचं संगीत २००३ पासून. २००७ च्या 'देअर विल बी ब्लड'चं संगीत ऑस्करच्या स्पर्धेतनंच बाहेर काढलं, कारण आधी लिहिलेली स्वतःचीच रचना त्यात वापरली होती. 'द पॉवर ऑफ द डॉग'मध्ये चेलो बॅंजोसारखा छेडलाय (आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे, अमेरिकेतला). म्हणजे ह्याच्याही चिंध्याच की. माझा शब्द मी मागे घेतो.

पण दोन गोष्टी सांगतो, रागावू नकोस. ऑक्सफर्डमधलं कॉलेज त्यानंही सोडलं, पण १९९१ मध्ये, कंपनीनं बँडशी करार केल्यावर. तुझं एक सेमिस्टर राहिलंय, तेवढं काढून टाक. दुसरं, तो चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर स्वरलेखन करतो. तू सगळं कानावर काढतोस. कान चांगला आहे तुझा, माझ्यापेक्षा चांगला. पण दुसऱ्याच्या हातात व्हायोलिन असेल तेव्हा तुझा कान त्याच्या काय कामाचा? पुण्यात शिकवणारं कोणीतरी असेलच. फीची काळजी करू नको, लग्नसराईच्या साड्यांचं काम आलंय.

पेटीचा मधला कोमल गंधार अडकतोय, दाबला की वर येत नाही. दुरुस्तीला टाकली नाही. आलास की दोघं मिळून उघडू. आईनं कुंदा आणून ठेवलाय, मला हात लावू देत नाही.

तुझा
आप्पा