मोतीला पाण्यापर्यंत आणणाऱ्यांचे आभार

बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला तरी आमचा कुत्रा मोती पलंगाखाली दडायचा. आज तो आपणहून तळ्यात उतरला आणि चार हात पोहून परत आला. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, अशा तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

'एकदा पाण्यात ढकला, आपोआप पोहेल,' असं बरेच जण म्हणायचे. तसं केलं तर भीती कायमची बसेल, हे ज्या ताईंनी ठामपणे सांगितलं त्यांचे उपकार फार मोठे. कोरड्या टबात रबरी चटई अंथरून तिथेच खाऊ द्या, हेही त्यांचंच सांगणं. निम्मी भीती पाण्याची नव्हतीच, पाय घसरण्याची होती! मग चटई नुसती ओली केली, मग बोटभर कोमट पाणी. तो ओठ चाटू लागला किंवा शेपूट पायांत घातली, की आम्ही एक पायरी मागे यायचो. यात कितीतरी आठवडे गेले.

आपल्या शांत, म्हाताऱ्या कुत्रीला रोज त्याच्यापुढे पाण्यात उतरवणारे काका, तिच्या मागोमागच तो उतरला हो. आणि लाइफ जॅकेट देऊन गेलेल्या मुली, आता पोहताना त्याचे मागचे पाय खाली जात नाहीत. तो बाहेर आल्यावर आम्ही त्याचे कानही आठवणीने पुसतो.